घर न सोडलेला माणूस

वर्ध्याचा इतिहास हा घर सोडलेल्यांचा इतिहास आहे. विनोबांनी 1916 साली घर सोडलं ते कायमचं. पुढे 1959 मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर काढलं, तेही संसार न मांडणाऱ्या बहिणींसाठी. मीराबेन इंग्लंड सोडून आल्या आणि शेगावच्या, म्हणजे आताच्या सेवाग्रामच्या, मातीत रमल्या. शाळेच्या सहली याच ठिकाणी जात, त्यामुळे मोठा माणूस म्हणजे उंबरठा ओलांडून गेलेला, हे आम्हा वर्धेकर पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझे बाबा रोज संध्याकाळी घरी यायचे. ते मोठे असतील अशी शंकासुद्धा कधी आली नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. नोकरीची सुरुवात बोर धरणावर झाली. ते धरण 1965 साली पुरं झालं, पण बाबांच्या बोलण्यातून ते शेवटपर्यंत पुरं झालं नाही. मातीच्या धरणाचं त्यांना वेड होतं. पोटात काळी चिकण माती, दोन्ही अंगांनी मुरूम, पायथ्याशी वाळू-खडीचा गाळणथर; माती किती ओली असताना रोलर फिरवायचा, हे ते मुठीत ढेकूळ दाबून सांगत. पाहुण्यांना वाटे, धरण म्हणजे पाणी अडवणारी भिंत. बाबा म्हणत, मातीचं धरण झिरपतंच, आणि झिरपू द्यावंच लागतं. त्यासाठी वाट आधीच आखून ठेवायची. पायथ्याच्या नालीत इंग्रजी व्ही आकाराची खाच असते, तिच्यातून किती उंचीनं पाणी वाहतं ते मोजून वहीत लिहायचं. पाझर जरा वाढला तरी कुणी लगेच धावपळ करत नाही. पण पाणी गढूळ आलं की झोप उडते, कारण त्याच्याबरोबर आतली माती निघालेली असते. कणकण करत आत बीळ पडतं आणि वरून काहीच दिसत नाही.

हा माणूस पहाटे उठून गीताईचा एक अध्याय म्हणायचा. घोराडच्या केजाजी महाराजांच्या देवळात, बोर नदीच्या काठी, एकादशीला जायचा. सोवळंओवळं नाही, नवस नाही. लक्ष्मीनारायणाच्या देवळाचे दरवाजे जमनालाल बजाजांनी 1928 साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले, ही गोष्ट मात्र ते स्वतः हजर असल्यासारखी सांगायचे, आणि तेव्हा तर त्यांचा जन्मही झाला नव्हता. गोपुरीतल्या गीताई मंदिराचं 1980 साली विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यानंतर बाबा आम्हाला तिथे घेऊन गेले. ना छप्पर, ना मूर्ती, नुसत्या उभ्या शिळांवर कोरलेले श्लोक. लोक वाचत होते. बाबा एका शिळेच्या कडेला डोळा लावून ती ओळंब्यात आहे का ते बघत होते. आई लाजून दुसरीकडे बघायला लागली. मला आता वाटतं, त्यांचा नमस्कार तोच होता.

माझा भाऊ कॉलेजात गेला आणि नास्तिक होऊन परतला. जेवताना रोज वाद. बाबा वरणभात कालवत ऐकून घ्यायचे. एकदा एवढंच म्हणाले, "प्रश्न पडू देत रे. फक्त प्रश्नासोबत तू वाहून चालला नाहीस ना, तेवढं बघत जा." ऐकायला वाक्य छान आहे. भावाला त्या वेळी ती निव्वळ टाळाटाळ वाटली, आणि त्याचंही अगदीच चूक नव्हतं. देव आहे की नाही, यावर बाबांनी कधी सरळ उत्तर दिलं नाही.

इंजिनिअर आणि श्रद्धा म्हटलं की जाणकार मॉरिस फ्रिडमनचं नाव घेतात. वॉर्सॉचा ज्यू इंजिनिअर, सर मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून बंगळुरूच्या सरकारी विजेच्या कारखान्यात आला, पुढे भगवी वस्त्रं घेऊन भारतानंद झाला आणि गांधीजींच्या वर्तुळात पोचला. धनुष्याच्या दोरीनं फिरणारी धनुष तकली त्याची. औंध संस्थानात 1939 साली राजानं प्रजेच्या हाती कारभार दिला, त्या घटनेच्या घडणीतही तो होता. त्याचं घर कुठेच नव्हतं. गंमत अशी की एवढ्या भटकंतीनंतर तो बसला मुंबईत खेतवाडीच्या एका माळ्यावर, विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांपुढे. त्यांचं मराठी बोलणं त्यानं इंग्रजीत आणलं, ते पुस्तक 1973 साली निघालं. निसर्गदत्तही गुरू गेल्यावर घर सोडून निघाले होते, पण वर्षभरात परत आले आणि बायकापोरांत, दुकानात राहूनच त्यांनी पुढचं सगळं केलं. फ्रिडमनबद्दल लिहिणारे या परतीवरून पटकन पुढे जातात. मला वाटतं, त्या घरगुती माळ्यावर टेकण्याआधी फ्रिडमननं जी वणवण केली, तिच्याइतकीच ही परत येणारी पावलं महत्त्वाची आहेत.

बाबा कधी निघालेच नाहीत, त्यामुळे त्यांच्या परतण्याचा प्रश्नच आला नाही. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा बढतीबरोबर येणारी लांबची बदली त्यांनी नाकारली. मागे होते ते पुढे गेले, साहेब झाले. ऑफिसातल्या कुणाचं तरी बोलणं घरापर्यंत पोचलं, की इंजिनिअरसाहेबांना धरणापेक्षा आईचा पलंग मोठा. बाबांनी ते ऐकलं आणि आजीच्या पलंगाचे सैल झालेले स्क्रू घट्ट करायला घेतले. निवृत्तीनंतरही पावसाळ्यात ते अंगणात पर्जन्यमापक लावत; नव्वदी ओलांडल्यावर मिलिमीटरचे आकडे दिसेनात, तेव्हा नातीकडून वाचून घेत आणि तिनं घाईत वाचलं की परत वाचायला लावत.

ते गेल्यावर भेटायला येणाऱ्यांनी ठरल्याप्रमाणे म्हटलं, ऋषितुल्य माणूस, संसारात राहून संन्यासी. मीही मान डोलवत होते. आईनं एकाला थांबवलं. "संन्यासी कसले हो? पगार पहिल्या तारखेला माझ्या हातात द्यायचे आणि पाच तारखेला हिशोब मागायचे. भाजीचा सुद्धा. एकादशीला घोराडला निघाले की शेंगदाण्याचे लाडू मी बांधून द्यायचे, आणि ते तिथं वाटून यायचे, मग घरी येऊन म्हणायचे भूक लागली." सगळे हसले. आई हसली नाही. तिनं सुनेला विचारलं, पर्जन्यमापकाची वही कुणी उचलून ठेवली, कालचा पाऊस लिहायचा राहिलाय.