पुएब्लात उपास!

मेक्सिकन फूड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मल्टिप्लेक्समधले नाचोज, वर ते पिवळंधम्मक चीज, फार तर एखादा टाको. पण बॉस, खरा मेक्सिको चाखायचा तर पुएब्ला राज्य गाठायला हवं. मेक्सिको सिटीहून बसने साधारण दोन तासांत आपण पुएब्ला शहरात. रंगीत टाइल्सच्या भिंती, जुनी चर्चेस, आणि १९८७पासून युनेस्कोच्या वारसा यादीत मानाचं पान.

इथली स्टार डिश म्हणजे मोले पोब्लानो. सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, लवंग-दालचिनी असं सगळं भाजून-वाटून केलेला दाट काळपट रस्सा आणि त्यात चक्क चॉकलेट! तो टर्कीवर किंवा चिकनवर ओततात. सांता रोसा मठातल्या एका ननने तो पहिल्यांदा केला, ही तिथली लाडकी दंतकथा. पहिल्या घासालाच मला आपलं वाटण आठवलं.

पण खरी विकेट पडली ती मिठाईच्या गल्लीत. 'काये दे लोस दुल्सेस' हे तिचं नाव. 'कामोते' म्हणजे साखरेत आटवलेल्या रताळ्याच्या कांड्या, मेणकागदात गुंडाळलेल्या. 'पालांकेता' म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, डिट्टो लोणावळा. आणि 'अलेग्रिया', म्हणजे 'आनंद'? अहो, राजगिऱ्याची वडी! आईला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'छान! उपासाला चालेल.'

गंमत वाटते ना? पण गोष्ट गंभीर आहे. राजगिरा मुळात तिकडचाच. याच राज्यातल्या तेहुआकान खोऱ्यातल्या गुहांमध्ये त्याचे हजारो वर्षांपूर्वीचे दाणे सापडलेत. अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात घायपाताचा पाक घालून देवांच्या मूर्ती घडवायचे आणि त्यांचे तुकडे प्रसादासारखे खायचे. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी जिंकली. पाद्र्यांना ही मूर्तिपूजा खपली नाही. विधी बंद पाडले गेले, पीकही मागे पडलं. देवाचं धान्य उरलं ते गोड खाऊ म्हणून.

आणि आपल्याकडे? समुद्र ओलांडून आलेला हाच राजगिरा थेट एकादशीच्या ताटात जाऊन बसला. सोबत रताळं, बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा, हिरवी मिरची, सगळी अमेरिका खंडाची देणगी! आपण ज्याला सगळ्यात सोवळं समजतो, ते ताट इतकं फॉरेन आहे. अलेग्रियात पडणारा गूळ, तिथला 'पिलोन्सियो', मात्र उसाचा; आणि ऊस स्पॅनिशांनी नेला तो मूळ आपल्या आशियातला. हिशेब थोडा तरी फिटला म्हणायचा.

जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबर बेस्ट. तेव्हा अक्रोडाच्या पांढऱ्या सॉसमधल्या, डाळिंबाचे दाणे पेरलेल्या भरल्या मिरच्या, 'चिलेस एन नोगादा', मिळतात. आणि परतताना बॅगेत अलेग्रियाला जागा ठेवा. नवरात्र तेव्हा असतंच तोंडावर!