घरातलं घुबड

रात्रीचा एक. हिंजवडीहून येणारी कॅब मला कर्वेनगरच्या कोपऱ्यावर सोडून जाते. चपला हातात घेऊन, मांजराच्या पावलांनी मी घरात शिरते, तर आमचे दहावीतले बंधुराज टक्क जागे!

'झोप की रे आता!'

'येतच नाहीये, ताई. काय करू?'

सकाळी पावणेसहाला महाभारत. आईची पहिली हाक प्रेमाची, दुसरी धमकीची, तिसरी थेट पाण्याच्या तांब्यासकट. सव्वासहाला व्हॅन, सातला शाळा. शाळेतून चिठ्ठ्या सुरू झाल्या : वर्गात पेंगतो, सरांना उलट बोलतो. घरी दारं आपटणं, ताट सरकवून उठणं. शेजारच्या आजींची औषधं न सांगता आणून देणारा मुलगा हा!

'वयच तसलं,' बाबा म्हणाले. 'मोबाइल काढून घ्या,' आत्याचा फोन. काढला. महिनाभर मोबाइल कपाटात. तरी साहेब साडेबारापर्यंत छताकडे बघत पडलेले.

मग एका रविवारी तो आईला वाट्टेल ते बोलला आणि माझा हात उठला. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं, आता हाही अंगावर येईल. तो नुसता खाली बसला आणि रडत म्हणाला, 'मला फक्त झोपायचंय गं.'

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मार्क विचारलेच नाहीत, वेळा विचारल्या. क्लास सुटतो नऊला, जेवण दहाला, होमवर्क साडेअकरापर्यंत, झोप साडेबाराला. हिशेब सव्वापाच तास! तेरा ते अठरा वयाला लागते आठ ते दहा तास.

डॉक्टर म्हणाले, वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याची खूण देणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा पाझरतं. मोबाइलचा उजेड त्यात भर घालतो, पण मूळ खोडी त्याची नव्हे. आणि झोप अर्धवट राहिली की रागाचा ब्रेक सगळ्यात आधी निकामी होतो. आम्ही ज्याला उद्धटपणा म्हणत होतो, त्यातला बराचसा थकवा होता.

कॅलिफोर्नियानं यावर चक्क कायदा केला. २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुलं सकाळी साडेआठच्या आत भरत नाहीत. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारचा आदेश निघाला : शाळा नऊच्या आत भरवू नका. कोणासाठी? चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी! म्हणजे ज्यांचे डोळे रात्री नऊलाच मिटतात, त्यांना सूट. ज्यांचं घड्याळ निसर्गानंच पुढे केलंय, ते सातच्या ठोक्याला बाकावर.

आणि मी? दुपारी तीनला लॉगिन करते, सकाळी साडेनऊपर्यंत घोरते. मला कोणी आळशी म्हणत नाही. उलट 'दमते गं पोर' म्हणून आई खोलीचं दार हळूच लोटून घेते. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी रात्री बारापर्यंत माझे कॉल चालायचे, तेही आमच्या दोघांच्या खोलीत, ट्यूबलाइट लावून!

शाळेची वेळ काही आमच्या हातात नव्हती. मग हातात होतं ते बदललं. क्लासची संध्याकाळची बॅच सोडून शनिवार-रविवारची घेतली. माझा लॅपटॉप स्वयंपाकघरात गेला. दुपारी शाळेतून आल्यावर अर्धा तास वामकुक्षी. पुणेकराला ही काय शिकवायची गोष्ट? रविवारी मात्र बारापर्यंत लोळणं बंद, उठल्याबरोबर गॅलरीतल्या उन्हात.

दोन महिने झाले. साहेब साडेदहाच्या सुमाराला आडवे होतात. दार अजूनही आपटतं, पण आठवड्यातून एकदा. तांब्याची गरज लागत नाही.

त्या थपडेबद्दल मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, 'ठीके. फक्त रात्री आल्यावर लाइट लावू नकोस.'

हल्ली मी अंधारातच कपाट चाचपते.