धुक्याखालचं सुपा

गेल्या डिसेंबरात बाबांना घेऊन गणेशगुडीला गेलो होतो. त्यांना सुपा धरणाचा जलाशय बघायचा होता. खरं तर जलाशय नव्हे, त्याखालचं गाव. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा या 101 मीटर उंच धरणाच्या पाण्यात गेलं आणि आमच्यासारखी बरीच घरं रामनगरला आली. बाबा तेव्हा विशीत होते. त्यानंतर ते पाण्याकडे कधी फिरकलेच नाहीत.

निघताना मी फोनवर हवामान पाहिलं होतं. 'आकाश निरभ्र'. सकाळी सहाला बाहेर आलो तर दहा पावलांवरचं झाड दिसेना! चुकीचा डेटा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार झोंबतो. पण अंदाज चुकला नव्हता. आदल्या रात्री अंगणातून कृत्तिका, मृग, व्याध सगळं लख्ख दिसत होतं. वर ढगांचं पांघरूण नसलं की दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर सोडून देते. गार झालेली हवा जड होते आणि उतारावरून ओघळत दरीत साचते. धरणाचं पाणी मात्र तितकं लवकर निवत नाही. त्याची वाफ त्या गारठ्यात मिसळली की झालं धुकं. म्हणजे रात्र जितकी स्वच्छ, तितकी सकाळ आंधळी. (इकडच्या लोकांची त्याबद्दल तक्रार नसते. त्यांना भीती ढगांची, आंबा-काजूच्या मोहोरासाठी.)

हे सगळं मी बाबांना उत्साहाने समजावलं. ते म्हणाले, "धुकं आमच्या वेळीही पडायचं रे. पण नदीवरून, पट्ट्यासारखं. घरामागच्या चढावर उभं राहिलं की नदी कुठे वळते ते त्या पट्ट्यावरून कळायचं. पांढरी कुठे येऊन मिळते तेसुद्धा."

आता समोर सगळीकडे एकसारखा कापूस होता. तरी बाबा बोट दाखवत राहिले. इथे बाजार, तिथे आमची विहीर, त्या अंगाला शाळा. मी हो हो म्हणत होतो.

नऊच्या सुमारास ऊन आलं, धुकं फाटत गेलं. खाली निळंशार पाणी, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. बाबांचा हात खाली आला.

"बाबा, अजून थोडं पुढे जाऊया का?" मी विचारलं.

"नको. उद्या जरा लवकर येऊ," ते म्हणाले. "धुकं असतानाच."