चुरमुऱ्यांचे पैसे कोणी दिले?

चि. सुहास यास,


ईराला उद्योजकतेच्या क्लासला घालू का, असं विचारलंस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" करतोस आणि शेवटी आपल्या मनासारखंच करतोस. म्हणून लिहायला बसले.

आधी शाळेतल्या बाजार दिवसाचं बोलू. ईराने भेळेचा स्टॉल लावला, ६४० रुपये 'नफा' झाला आणि त्याचा फोटो तू सगळ्या नातेवाइकांना पाठवलास. कौतुक मलाही वाटलं. पण चुरमुरे-फरसाण तिच्या आईने, मानसीने आणलं, चिंचेची चटणी तिनेच रात्री जागून केली, सामान तू गाडीतून पोचवलंस. मग ते ६४० रुपये नफा कसले? तो नुसता गल्ला झाला. गल्ल्यात पडेल ते सगळं आपलं, हे बाराव्या वर्षी डोक्यात बसलं की पुढे निघता निघत नाही. इथे कुपवाडच्या एमआयडीसीत चांगली शहाणी माणसं त्यापायी बुडालेली मी पाहिली आहेत. मोठं पेमेंट खात्यात आलं की पहिली गाडी बदलायची. कागदवाल्याचं देणं तसंच राहायचं.

पुढच्या वर्षी मानसीने तिला सामानाचे पैसे उधार द्यावेत आणि संध्याकाळी मोजून परत घ्यावेत. भेळ उरली तर नुकसान ईराचं. हसू नका, आणि हळूच भरूनही देऊ नका. तुला दुसरी गोष्ट जड जाईल, मला माहीत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तिला सांगणार म्हणतोस, ती जरूर सांग. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली. पण आपण ती नेहमी शेवट माहीत असल्याच्या थाटात सांगतो. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असताना बढती डावलली गेली, नोकरी सोडली, बेळगावला आले, लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर कारखाना उभा केला, संपली गोष्ट. मधला काळ दोन वाक्यांत उरकतो. लोखंडाने जमिनीत विष उतरेल म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावत नव्हते. तयार माल समोर पडलेला आणि गिऱ्हाईक नाही, अशी जवळजवळ दोन वर्षं गेली म्हणतात. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागाही सोडायला लावली. त्या दिवसांत त्यांना कुठे ठाऊक होतं की आपण पाठ्यपुस्तकात जाणार आहोत? त्यांच्या जागी तू असतीस तर रोज सकाळी त्या नांगरांकडे बघून काय वाटलं असतं, हे ईराला विचार. आणि कंपनीच्या नावात 'ब्रदर्स' का आहे, तेही सांग. रामूअण्णा, त्यांचे थोरले भाऊ, या सगळ्यात बरोबर होते. हा भाग पराक्रमाच्या गोष्टीत मावत नाही म्हणून गळतो.

माझ्या धंद्यातलं सांगायचं तर सगळ्यात जड काय असेल? नुकसान नव्हे. नुकसान एकदा होतं, लिहिलं जातं, मिटतं. जड असतं ते पैसे येणं असून हातात नसणं. आमची पुठ्ठ्याची खोकी, निम्मं काम बेदाण्याचं. सीझनला रात्रपाळी करून माल द्यायचा, बिल करायचं, आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्या बिलावरचा जीएसटी सरकारला भरायचा, गिऱ्हाइकाने दमडी दिलेली नसली तरी. कायदा आमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने आमच्यासारख्यांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं झालं पाहिजे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. ऑनलाइन तक्रारही करता येते. करते का मी? मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली म्हणून समज. मग गोड आवाजात फोन करायचा, "साहेब, जरा बघा ना." आपल्याच पैशासाठी आर्जव करताना जो अपमान गिळावा लागतो, तो क्लासमध्ये कोण शिकवणार?

आणि पगाराची सात तारीख. शेडमध्ये अकरा बायका-माणसं आहेत. त्यांच्या घरचे हप्ते, फिया, औषधं त्या तारखेवर उभी. तुझ्या खात्यात पगार येतो तेव्हा कुणीतरी आदल्या आठवड्यात झोपलेलं नसतं, हे तुला कधी जाणवायचं कारणच नव्हतं. आपले आण्णा एसटीत नोकरीला होते. आपल्या घरी पैसा ठरल्या दिवशी यायचा आणि ठरल्या दिवशी संपायचा. आपल्याकडे पगाराबद्दल मोकळेपणी बोलत, तोट्याबद्दल दार लावून. व्यापाऱ्यांच्या घरात पोरं पेढीवर बसून ऐकत असतात, कुणी बुडवलं, कुणाचा चेक परतला, कुठला माल पडून आहे. जेवताना तेच विषय. तोटा म्हणजे लाज नव्हे, हे त्यांना कुणी शिकवत नाही. ते कानावर पडूनच कळतं.

आमच्या पलीकडच्या शेडमधला एक जण काम बंद पडल्यावरही कित्येक आठवडे डबा घेऊन यायचा. कुलूप उघडून आत बसायचा, संध्याकाळी वेळेवर घरी. बायकोला सांगायचं धाडस नव्हतं. बँकेची माणसं दारात आली तेव्हा तिला कळलं. माणूस मेहनती होता, हातात कला होती. घरात वाईट बातमी सांगायला जागा नव्हती, एवढंच कमी होतं. पैशाची जुळवाजुळव कदाचित झाली असती रे, चार महिने आधी बोलला असता तर.

म्हणून मला तुझ्या क्लासपेक्षा तुझ्या जेवणाच्या टेबलाची काळजी जास्त. ईराला गणितात कमी मार्क पडले तेव्हा तिने आधी मानसीला सांगितलं आणि "बाबांना नको सांगू" म्हणाली, हे मला मानसीनेच सांगितलं. (तिच्यावर रागावू नकोस.) आज मार्क लपवणारी पोर उद्या बुडीत उधारी लपवेल. क्लासवाले तिला दहा जणांसमोर धीटपणे बोलायला शिकवतील, ते उपयोगाचंच. पण उद्योग करणाऱ्याला दहा जणांसमोर बोलणं फारसं अवघड जात नाही. घरच्या एकाच माणसासमोर "जमत नाहीये" म्हणणं जातं.

आता तू म्हणशील, एवढं रडगाणं आहे तर ताई, बंद का करत नाहीस? रडगाणं नाही हे. आपण ठरवलेल्या मापाचं, आपल्या शेडमधलं खोकं तासगावच्या बाजारात थप्पीला लागलेलं दिसतं तेव्हा मी अजून थांबून बघते. शेडमधल्या दोन बायकांनी याच पगारावर मुलींची शिक्षणं केली. आणि कुणालाही न विचारता एखादी गोष्ट करून बघायची जी चटक लागते, ती नोकरीत मला कधी लागली नसती. ईराला हेही कळू दे. पण तिला उद्योजक 'करायचं' हे डोक्यातून काढ. तिला पुढे नोकरी करावीशी वाटली तर तीही चांगलीच. पोरांच्या खांद्यावर आपली राहून गेलेली हौस ठेवू नये. तू स्वतः नोकरी सोडायचं म्हणत होतास ते मला आठवतं.

मे महिन्यात तिला इकडे पाठव. खोक्यांना पिना मारायला बसवेन, नगावर पैसे देईन, पिन वाकडी गेलेलं खोकं मोजणार नाही. बेदाण्याची उधारी तेव्हाच गोळा करायची असते, तर तासगावला वसुलीलाही नेईन. तिथे एक व्यापारी दरवेळी चहा पाजतो आणि चेक पुढच्या आठवड्यावर ढकलतो. ईराला सांगून ठेव, चहा घ्यायचा, पण उठायचं नाही.

मानसीला आशीर्वाद. चटणीची कृती तिने मला पाठवायची होती, अजून आलेली नाही.

तुझी,
ताई