पाच दिवसांची दाढी

आमच्या घरात बाबांची दाढी हे कॅलेंडर होतं. बाबा तांडेल. सातपाटीच्या खाडीतून बोट बाहेर पडली की पाच-सहा दिवस त्यांची काही खबर नसायची. परत आले की मी आणि ताई त्यांच्या गालावरून हात फिरवायचो आणि किती दिवस झाले ते ओळखायचो. नुसतं खरखरलं तर दोन दिवस, टोचलं तर चार-पाच, आणि टोचायचं थांबून बोटांना थोडं मऊ लागायला लागलं की समजायचं, या वेळी पापलेटाच्या मागे फारच लांब गेले होते.

बोटीवर दाढी करायला वेळ नसतो, आणि पाणी तर नसतंच. गोडं पाणी पिण्यासाठी आणि भातासाठी. तोंड धुवायचं ते खाऱ्या पाण्याने. त्यामुळे बाबा घरी यायचे तेव्हा दाढीत अक्षरशः मीठ असायचं. आई ओट्यावर कोमट पाण्याची बादली आणि जुना पंचा ठेवायची. पंचा भिजवून, पिळून बाबा तो तोंडावर दाबून धरायचे. एकदा, दोनदा, तीनदा. तोवर त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मग म्हणायचे, "उतरलं मीठ." त्यानंतर चहा, आणि त्यानंतर आम्ही.

हे सगळं मी विसरलो होतो. आठवलं ते गेल्या हिवाळ्यात.

गेल्या पावसाळ्यात, मासेमारीबंदीच्या दिवसांत, जाळी शिवताना बाबांच्या हातातून सुई पडली. त्यांनी ती उचलायला हात पुढे केला आणि हात गेलाच नाही. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचाही. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय, "हां." भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां. आईला त्यातले सगळे हां वेगवेगळे ऐकू येतात. मला अजून येत नाहीत.

मी तारापूर एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. शिफ्ट लावून घेतली तशी कामंही वाटून घेतली. आंघोळ आणि खाणं आईकडे, औषधं आणि दाढी माझ्याकडे. दाढी माझ्याकडे का, तर मला स्वतःला दाढी आहे म्हणून. चार वर्षं वाढवलेली. लॅबमध्ये तिच्यावर जाळी घालावी लागते, म्हणजे आमच्याकडे तीन पिढ्या जाळ्यातच, असं ताई म्हणते. माझ्या कपाटात बिअर्ड ऑइल, बिअर्ड वॉश, लाकडी कंगवा, सगळं होतं. रील्स बघून शिकलेला माणूस मी. एक्स्पर्टच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सगळं ठीक चाललं. डिसेंबरात वारा बदलला.

समुद्राकाठी कसली आलीय कोरडी हवा, असं पालघर स्टेशनच्या बाजूला राहणारे मित्रही विचारतात. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलं आठवत असेल. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. हिवाळ्यात एकूण वाराच उत्तर-पूर्वेकडून येतो. तो जमिनीवरून आलेला असतो, त्यात ओल नसते. रात्रभर आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत त्याचंच राज्य. पारा पंधरा-सोळाच्या आसपास उतरतो. कुणा नाशिककराला यात थंडी दिसणार नाही, पण कोरडेपणा दिसेल. आमच्याकडे तर त्याची वाट बघतात. बांबूच्या वलांडींवर बोंबील लटकतात ते याच वाऱ्यासाठी. ओल्या बोंबलात जवळपास ९० टक्के पाणी असतं. हा वारा मिळाला की दोन-तीन दिवसांत त्याची कडक काडी होते.

बोंबलाला जे होतं तेच गालाला होतं, इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

बाबा डाव्या हाताने दाढी खाजवायला लागले. आधी अधूनमधून, मग सतत. उशीवर पांढरा भुसा पडायचा. आईने आधी उशी झटकली, मग अभ्रा बदलला, मग माझ्याकडे बघितलं. मी माझं बिअर्ड ऑइल काढलं. आर्गन, जोजोबा आणि चंदनाचा वास. माझ्यासाठी महिनाभर पुरणारी बाटली मी बाबांवर आठवड्यात संपवली. आंघोळीला पाणीही चांगलं कढत द्यायला सांगितलं, थंडी आहे म्हणून.

तेल लावायला गेलो की बाबा माझा हात ढकलायचे. "हां." जोरात. मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं. आयुष्यभर बोट चालवलेल्या माणसाला पोराने तोंडाला हात लावलेला आवडत नसणार. शिवाय माझी दाढी त्यांना कधीच पसंत नव्हती. मी दर्यावर गेलो नाही, ही गोष्ट आमच्यात कधी बोलली गेली नाही, पण घरात होतीच. आता बोलायची सोयच राहिली नाही, तर तोंडावरून हात झटकून सांगतायत, असं मला वाटायचं. मग मीही जरा जोर करायचो. एका हाताने त्यांचा डावा हात धरायचा आणि दुसऱ्या हाताने तेल लावायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

एका सकाळी हनुवटीखाली रक्त दिसलं. खाजवून खाजवून कातडी सोललेली. उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते, तिथे तर लाल चट्टाच पडला होता. रिक्षा केली आणि बाबांना पालघरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दाढी बोटांनी बाजूला करून खालची कातडी बघितली. मी चार महिने रोज त्या दाढीला हात लावत होतो, पण कातडी मी एकदाही बघितली नव्हती. मी केस बघत होतो. त्या म्हणाल्या, हा सेबोरिक डर्मटायटिस आहे, सोप्या भाषेत दाढीतला कोंडा. मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असते आणि कातडीतल्या तेलावर जगते. बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. थंडीत, आणि मेंदूच्या आजारानंतर, तो जास्त दिसतो. अशा दाढीवर वरून भरपूर तेल ओतलं तर तिला आयतं खाणं मिळतं. वर त्यातला सुगंध सोललेल्या कातडीला झोंबतो.

"झोंबत असणार त्यांना," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. रोज सांगत होते.

परतीच्या वाटेवर, शिरगाव मागे पडेपर्यंत मी गप्प होतो. बाबा रिक्षातून बाहेर बघत होते.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते खर्चिक नव्हतं. आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोलचा शाम्पू. दाढीला लावायचा, खालच्या कातडीपर्यंत पोहोचवायचा, काही मिनिटं ठेवायचा आणि नीट धुऊन काढायचा. पाणी कोमट. कढत पाण्याने कातडीचं स्वतःचं तेल निघून जातं. धुतल्यावर पंचाने घासायचं नाही, टिपायचं. कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, तेही केसांना नाही तर केसांच्या मुळाशी. ओठाच्या कोपऱ्यावर व्हॅसलिनचा थर, म्हणजे लाळ कातडीला लागत नाही. आणि वस्तरा बंद. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, छोटी जखमसुद्धा थांबायला वेळ घेते. ट्रिमर वापरा.

मी विचारलं, मग माझं बिअर्ड ऑइल वाईट का? त्या हसल्या. म्हणाल्या, तुमची कातडी ठणठणीत असेल तर दोन-चार थेंब खुशाल लावा. फक्त एक लक्षात ठेवा, तेलात पाणी नसतं. आधी पाणी द्या, मग ते राखायला तेल. कोरड्या दाढीवर तेल लावलंत तर कोरडेपणाच राखला जातो.

हे ऐकताना मला ओट्यावरची बादली आठवली.

आमच्या लॅबमध्ये एक जुना प्रयोग आहे. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. हवेत त्याहून जास्त ओल असली की मीठ पाणी ओढून पाघळतं, कमी असली की कोरडं, टोकदार राहतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ चिकटतं आणि डिसेंबरात मोकळं होतं, ते यामुळे. म्हणजे पावसाळा संपल्यावरच्या दमट दिवसांत बाबांच्या दाढीतलं मीठ ओलं असणार, आणि थंडीच्या मतलईत त्याचे खडे होऊन कातडीला घासत असणार. थंडीत आई बादली जास्त भरायची, हे मला आता आठवतं. तीन वेळा पंचा दाबून धरायचा तोही हिशेबच होता. त्याने मीठ निघायचं आणि कातडीत पाणी मुरायचं. मग आई खोबरेल तेलाचं बोट पुढे करायची. पहिल्यांदा पाणी, मग तेल. मी पाच-सहाशे रुपये घालवून हाच क्रम उलटा केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेतली. पंचा भिजवला, पिळला, माझ्या मनगटावर ठेवून बघितला आणि बाबांच्या तोंडावर दाबून धरला. त्यांचा डावा हात वर आला. मी थांबलो. या वेळी हात धरला नाही. त्यांनी पंचा पकडला आणि स्वतःच दाबून धरला. डोळे मिटलेले. नाकातून लांब श्वास सोडला. पंचा गार झाल्यावर माझ्याकडे दिला. मी परत भिजवला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्हणाले, "हां."

तो हां मला कळला.

दोन-तीन आठवड्यांत उशीवरचा भुसा थांबला. लाल चट्टा अजून मधूनच येतो. डॉक्टरांनी सांगितलंय की हे मुळापासून जाणारं दुखणं नाही, ताब्यात ठेवायचं दुखणं आहे. त्यामुळे रविवारी आणि बुधवारी शाम्पू, रोज पंचा. माझ्या दाढीलाही आता तोच पंचा मिळतो, दुसऱ्या बादलीतला. माझी बिअर्ड ऑइलची दुसरी बाटली अजून अर्धी आहे आणि पुरतेय.

ट्रिमर आणला तेव्हा प्रश्न आला, किती ठेवायची? मला वाटलं पूर्ण काढावी, सांभाळायला सोपं. काढली. त्या रात्री बाबा तोंडावर चादर ओढून झोपले. गार वारा उघड्या गालांना लागत असणार. परत वाढू दिली. पुढच्या वेळी मी त्यांच्यासमोर ट्रिमर धरून आकडे फिरवत बसलो. सहा मिलिमीटर? हात नाही म्हणाला. चार? नाही. आई मागे सुकटीच्या पिशव्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "पाच दिवसांची ठेव. घरी यायचे तेव्हा असायची तेवढी."

पाच दिवसांची म्हणजे किती? दाढी दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढते. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि ट्रिमर दोनवर लावला.

झाल्यावर आईने पिशव्या बाजूला ठेवल्या, जवळ आली आणि बाबांच्या गालावरून हात फिरवला. एकदा, डाव्या बाजूने. "टोचतंय," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.