दुनळीची पट्टी

पाणी गाळून पिणाऱ्या आमच्या पाटलांच्या घरात आज्जांची दुनळी बंदूक होती. उसात रानडुकरं शिरली की ते हवेत बार काढत. निदान आम्हांला तसंच सांगत.

आज्जा गेले. परवाना भावाच्या नावावर करताना बंदूक कारागिराला दाखवली. त्यानं नळ्यांची जोडी सोडवून बोटावर टांगली, टिचकी मारली. बद्द वाजलं.

"घंटेगत नाद याय पाहिजे, अक्का. पट्टी सुटलीय."

दोन नळ्यांमधल्या खाचेत वर एक, खाली एक लांब पट्टी. कथील-शिशाच्या डाकानं बसवलेली. डाक सुटला की फटीतून ओल शिरते, आत गंज धरतो. बाहेरून नळ्या चकचकीतच.

"डाक देऊ?"

आई म्हणाली, "दिल्यावर उडंल?"

"उडंल की."

"मग राहू दे."

वाटेत तिनं गुंडाळलेलं धोतर सोडून स्वतः टिचकी मारून बघितली.