एका कांडीसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट

गेल्या वर्षी दिवाळीला आठ-दहा दिवस असताना मी क्रॉफर्ड मार्केटपाशी उतरलो, तो फटाक्यांसाठी नव्हे की कंदिलासाठीही नव्हे. माझ्या खिशात, रुमालात गुंडाळलेली, पेनातली एक रिकामी कांडी होती. तिची जुळी बहीण शोधायची होती.

पेन आमच्या थोरल्या बंधूंचे, अण्णांचे. अडतीस वर्षे त्यांनी शाळेत मराठी शिकवले. पुढे अर्धांगाचा हलका झटका आला आणि उजव्या हाताची पकड गेली. साध्या बॉलपेनाची शाई तेलकट, घट्ट. ते दाबून चालवावे लागते. अण्णांना दाबणे जमेना. तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशाहून येताना हे जाडजूड रोलरबॉल आणून दिले. ह्यातली शाई पाण्यासारखी पातळ. टोकाची गोळी कागदाला नुसती टेकली की आपसूक उतरते. अण्णांची सही पुन्हा सहीसारखी दिसू लागली.

आणि कांडी संपली ती नेमकी दसऱ्याला. नोव्हेंबर तोंडावर. त्या महिन्यात पेन्शनर मंडळींना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो यंत्रावर बोट टेकवूनही देता येतो. मी तसे सुचवले मात्र! अण्णा म्हणाले, "अरे, जन्मभर लोकांचा अंगठा सोडवला मी. आता स्वतः लावू?" पुढे बोलायची सोयच राहिली नाही.

एका चकचकीत दुकानात उत्तर मिळाले, "हे मॉडेल बंद झालं, सर. नवीन पेन दाखवू?" नवे पेन अण्णांच्या बोटांत बसेल की नाही, हे त्या पोराला काय ठाऊक!

म्हणून ही वारी. क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ ची. दारावरची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंगची, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या किपलिंगच्या वडिलांची. मंडईला महात्मा फुल्यांचे नाव देऊन कैक वर्षे झाली, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनेच नाव लवकर कळते. तिथून रस्ता ओलांडला की पायधुणीकडे जाते ती अब्दुल रेहमान स्ट्रीट. कागद, वह्या, पाकिटे, फायली, पेने ह्यांचे हे माहेरघर. चालायचे ते हातगाड्यांच्या मर्जीने. "बाजू, बाजू!" ऐकू येईपर्यंत चाक पावलाशी आलेले असते. दिवाळीमुळे लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांच्या चळती लागल्या होत्या. गल्ल्यावर कॉम्प्युटर असलेले शेटजीच त्या निवडत होते. हिशेब यंत्रात, पूजा चोपडीची!

पहिल्या दुकानात "जी-टू घ्या, सगळ्यात बसते" म्हणून एक कांडी पुढे आली. आखूड निघाली. दुसऱ्या दुकानातही "जी-टू"च. पण ही दिसायला भलतीच, लांब आणि प्लॅस्टिकची. एकाच नावाच्या दोघी, आणि आपसात काही नाते नाही! मी चक्रावलो.

उलगडा केला तो चार हात रुंदीच्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी. पांढरी दाढी, डोक्यावर जरीकाठी टोपी आणि हातात पोलादी पट्टी. "साहेब, नाव विसरा, माप बघा," ते आपल्या मुंबई मराठीत म्हणाले. पहिली जी-टू म्हणजे साच्याचे नाव: पार्करच्या धर्तीची, ९८ मिलिमीटरची कांडी. दुसरी जी-टू हे पायलट कंपनीच्या जेल पेनाचे नाव. माझी कांडी त्यांनी पट्टीवर ठेवली. १११. मग जाडी पाहिली. मग टोकाची मान, कारण मान जाड असली तर लांबी जुळूनही टोक भोकातून बाहेर येत नाही.

एक कांडी केसभर आखूड निघाली. लिहिताना टोक आत सरके. "लोक मागे कागदाचा बोळा घालतात," चाचा म्हणाले, "पण लिहिणार कोण?" मी अण्णांच्या हाताचे सांगितले. त्यांनी ती मुकाट्याने परत डब्यात टाकली आणि पोऱ्याला माळ्यावर चढवले.

खाली आली ती जर्मनीतल्या श्मिट कंपनीची. काळ्या अरण्यातल्या सांक्ट गेओर्गेन गावचा हा कारखाना. बड्या नावांच्या कितीतरी पेनांत ह्याच्याच कांड्या असतात. अण्णांच्या पेनावर नाव एका घराण्याचे आणि पोटात शाई दुसऱ्याची! फिरकी घट्ट बसली, टोपण टच्‌कन लागले. मी दोन मागितल्या.

"एकच न्या," चाचा म्हणाले. "पाण्याची शाई आहे, पडून सुकते. संपली की या. आणि टोपण उघडं ठेवू नका म्हणावं."

गिऱ्हाईकाला कमी माल विकणारा दुकानदार दिवाळीच्या बाजारात भेटला, ह्यावर आमच्या सौभाग्यवतींचा अजून विश्वास नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णांना बँकेत नेले. सही झाली; वेलांटीसकट, पहिल्याच खेपेस. काउंटरवरच्या मुलीला दाखल्यावर काहीतरी लिहायचे होते, तिचे पेन चालेना. "आजोबा, जरा पेन देता?"

अण्णांनी पेन पुढे केले. टोपण मात्र काढून स्वतःच्या मुठीत ठेवले.